छेदिकेच्या एका बाजूला

दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन होतात आणि समोरासमोरचे कोन सारखे असतात. यात सांगण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल. तरी हे पहिल्यांदा सांगण्याचे श्रेय मिलेटसच्या थेलीसला, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या माणसाला दिले जाते. ॲरिस्टॉटलचा शिष्य युडीमस याने भूमितीचा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ हरवला, पण त्यातली ही नोंद इसवी सनाच्या पाचव्या शतकात अथेन्सच्या प्रोक्लसने उतरवून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तिला एक पुस्तीही आहे: थेलीसला ही गोष्ट उमगली होती, रीतसर सिद्धता मात्र युक्लिडने दिली. सिद्धता दोन ओळींची आहे. रेषीय जोडीतल्या कोनांची बेरीज दोन काटकोन, शेजारच्या जोडीचीही तेवढीच. दोन्हींतला सामाईक कोन काढून टाकला की उरलेले सारखे. त्यावर कुणी कधी वाद घातला नाही.

वाद तिसरी रेषा आल्यावर सुरू झाला, आणि तो एकवीसशे वर्षे चालला.

तिसरी रेषा म्हणजे छेदिका. ती दोन रेषांना छेदते तेव्हा आठ कोन होतात. संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन ही त्यांची नावे शाळेत पाठ करून घेतली जातात. दोन रेषा समांतर असतील तर संगत कोन एकरूप, व्युत्क्रम कोन एकरूप, एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश. आणि उलटही: यांपैकी एक गोष्ट खरी असेल तर रेषा समांतर. पाठ्यपुस्तकात प्रमेय आणि त्याचा व्यत्यास लागोपाठ येतात आणि परीक्षेत दोन्हींना सारखेच गुण असतात. त्यामुळे या दोन विधानांच्या मध्ये केवढी दरी आहे याचा पत्ता विद्यार्थ्याला लागत नाही. युक्लिडला तो लागला होता.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ हा तेरा खंडांचा ग्रंथ रचला. पहिल्या खंडाच्या आरंभी त्याने पाच गृहीतके मांडली, म्हणजे सिद्धता न मागता मान्य करायच्या पाच गोष्टी. दोन बिंदू रेषेने जोडता येतात, रेषा वाढवता येते, कोणत्याही केंद्राभोवती हव्या त्या त्रिज्येचे वर्तुळ काढता येते, सगळे काटकोन सारखे असतात. ही चार झाली. एका श्वासात म्हणता येण्याजोगी. पाचवे मात्र लांबलचक आहे. एका रेषेने दोन रेषांना छेदले आणि छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या दोन रेषा वाढवत नेल्यास त्याच बाजूला कुठेतरी मिळतात. हे वाचताना गृहीतक वाचतो आहोत असे वाटतच नाही. सिद्धता गळून पडलेले एखादे प्रमेय चुकून पहिल्या पानावर आले असावे, असे वाटते.

खुद्द युक्लिडलाही ते फारसे आवडत नसावे. पहिल्या खंडात ४८ प्रमेये आहेत आणि त्यांतली पहिली २८ त्याने पाचव्या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली. विरुद्ध कोनांचे प्रमेय पंधरावे. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असते, हे सतरावे. सत्ताविसावे सांगते की व्युत्क्रम कोन सारखे असतील तर त्या रेषा कधीच मिळत नाहीत. इथपर्यंत उसनवारी नाही. एकोणतिसाव्यात मात्र उलटा प्रवास करायचा आहे: रेषा मिळत नाहीत एवढेच ठाऊक असताना व्युत्क्रम कोन सारखे असल्याचे दाखवायचे आहे. तिथे त्याचा नाइलाज झाला आणि पाचवे गृहीतक पहिल्यांदा बाहेर निघाले. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज, पायथागोरसचे प्रमेय, हे सगळे त्यानंतरचे. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातली सर्वांत विचारपूर्वक घेतलेली जागा ही आहे. पुढच्या पिढ्यांनी मात्र तीच युक्लिडची दुखरी बाजू मानली.

त्यांची तक्रार अगदीच अवाजवी नव्हती. सतरावे प्रमेय नीट पाहिले तर तो पाचव्या गृहीतकाचा व्यत्यासच आहे. दोन रेषा मिळाल्या तर छेदिकेच्या त्या बाजूच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी, हे सिद्ध होते. मग बेरीज कमी असेल तर रेषा मिळतात, हे का सिद्ध होऊ नये? प्रोक्लसने तर स्वच्छ लिहिले की हे विधान गृहीतकांच्या यादीतून काढूनच टाकावे, ते प्रमेय आहे. तरी तो सावध माणूस होता. एकमेकींच्या जवळ जवळ येत राहूनही कधीच न मिळणाऱ्या रेषा असू शकतात, हे त्याने अपास्त आणि तिच्या अनंतस्पर्शी रेषेचे उदाहरण देऊन बजावले. वक्र रेषेच्या बाबतीत असे घडते, तर सरळ रेषांच्या बाबतीत घडणार नाही याची हमी कोण देतो?

त्याच्याआधी ज्योतिर्विद टॉलेमीने सिद्धता दिली होती. समांतर रेषा छेदिकेच्या एका बाजूला जेवढ्या समांतर तेवढ्याच दुसऱ्या बाजूला, म्हणून दोन्ही बाजूंच्या आंतरकोनांच्या बेरजा सारख्या. चारही कोन मिळून चार काटकोन, म्हणून प्रत्येक बाजूला दोन. ऐकायला बिनतोड. पण दोन्ही बाजूंना सारखेच घडते हे कुठून आले? तेच तर सिद्ध करायचे होते. प्रोक्लसने टॉलेमीची ही चूक दाखवली आणि लगेच स्वतःची सिद्धता दिली. तिच्यात त्याने समांतर रेषांमधले अंतर मर्यादित राहते असे धरून टाकले, आणि तेही पाचव्या गृहीतकाशिवाय मिळत नाही. या इतिहासाची चाल पुढेही हीच राहिली. आधीच्याची चूक अचूक हेरायची आणि तीच वेगळा पोशाख घालून घरात घ्यायची.

ग्रीकांचे हे कोडे अरबी भाषांतरांतून पूर्वेकडे गेले. १०७७ मध्ये इस्फहानात उमर खय्यामने युक्लिडच्या गृहीतकांतल्या अडचणींवर पुस्तक लिहिले. आपल्याकडे खय्याम म्हणजे रुबाया, पण तो आधी गणिती होता. त्याने छेदिका बाजूला ठेवली आणि एक चौकोन घेतला: पायाच्या दोन्ही टोकांना सारख्या लांबीचे लंब उभे करायचे आणि त्यांची वरची टोके जोडायची. वरचे दोन कोन एकमेकांएवढे असतात, हे पाचव्या गृहीतकाविना सिद्ध होते. प्रश्न एवढाच की ते काटकोन आहेत, लघुकोन आहेत की विशालकोन. काटकोन ठरले तर युक्लिड जिंकला. खय्यामने उरलेले दोन पर्याय खोडून काढले, अर्थात एक नवे तत्त्व आधी मान्य करून.

नसीरुद्दीन तूसीने तेराव्या शतकात हाच चौकोन पुन्हा हाती घेतला. १२४८ मध्ये युक्लिडच्या ग्रंथाची त्याने केलेली अरबी आवृत्ती पूर्ण झाली तेव्हा तो इस्माइलींच्या आश्रयाला होता. १२५६ मध्ये त्यांचा अलामूतचा किल्ला मंगोलांच्या हाती पडला, आणि तीनच वर्षांनी तूसी मंगोल हुलागूखानाच्या पैशाने मराघ्याची वेधशाळा उभारू लागला. त्याच्या आवृत्तीला फार मोठे आयुष्य लाभले. त्याच्याच नावावरची युक्लिडची आणखी एक आवृत्ती १५९४ मध्ये रोममध्ये अरबी लिपीत छापली गेली. ती १२९८ मध्ये, म्हणजे तूसी वारल्यानंतर चोवीस वर्षांनी लिहून झालेली असल्याने त्याची नव्हे हे उघड आहे. पण युरोपात ती त्याचीच म्हणून वाचली गेली. ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसने तिच्यातली समांतर रेषांची सिद्धता लॅटिनमध्ये करवून घेतली आणि १६६३ मध्ये आपली स्वतःचीही मांडली. कोणत्याही त्रिकोणाशी समरूप असा हव्या त्या मापाचा त्रिकोण काढता येतो, हे वॉलिसने गृहीत धरले होते. तेही युक्लिडच्याच गृहीतकाचे दुसरे रूप निघाले.

तूसीच्या अस्सल आवृत्तीची एक शाखा मात्र जयपूरला पोचली, आणि ती तिथे नेणारा पंडित परंपरेनुसार महाराष्ट्रीय होता. सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तूसीच्या ग्रंथावरून संस्कृतात ‘रेखागणित’ रचले. अध्याय पंधरा. प्रस्तावनेत युक्लिडचे नाव नाही, तूसीचेही नाही. हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले होते, ते मध्ये लुप्त झाले आणि महाराजांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले, असे जगन्नाथ सांगतो. अलेक्झांड्रिया, मराघा, जयपूर हा सगळा प्रवास एका श्लोकात पुसला गेला. पुढे हाच ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरीजमध्ये छापला गेला.

जयपुरात हे चालले होते साधारण त्याच काळात इटलीतल्या पाव्हियात एक जेझुइट धर्मगुरू तूसीच्या नावावरची सिद्धता वॉलिसच्या लॅटिनमधून वाचत होता. जोव्हान्नी जिरोलामो सॅकेरी हे त्याचे नाव. तो तर्कशास्त्राचा माणूस. एखाद्या विधानाच्या विरुद्ध विधान खरे मानून चालायचे आणि त्यातूनच विसंगती काढायची, या पद्धतीवर त्याचा जीव होता. १७३३ मध्ये मिलानला त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. पुस्तकाचे नावच असे की सर्व डागांपासून युक्लिडला मुक्त केल्याचे ते जाहीर करते.

सॅकेरीने तोच चौकोन घेतला, तेच तीन पर्याय. विशालकोनाचा पर्याय लवकर मोडला, कारण रेषा अमर्याद वाढते हे मान्य असेल तर तो टिकत नाही. मग लघुकोन. सॅकेरी त्याच्या मागे लागला आणि पानामागून पाने सिद्धता रचत गेला. लघुकोन खरा मानला तर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरते. दोन रेषा एकमेकींना छेदतात, किंवा त्यांना एक सामाईक लंब असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्या दूर दूर जातात, किंवा त्या जवळ येत येत जातात आणि कधीच मिळत नाहीत. प्रोक्लसची ती जुनी शंका इथे सरळ रेषांच्या बाबतीत खरी होऊन समोर उभी होती. विसंगती मात्र सापडेना. शेवटी तेहतिसाव्या प्रमेयात त्याने निकाल देऊन टाकला की लघुकोनाचा पर्याय सरळ रेषेच्या स्वभावाला सोडून आहे. तर्कशास्त्र्याच्या तोंडी स्वभावाची भाषा आली की समजावे, मुद्दे संपले. त्यालाही ते खटकले असणार, कारण नंतर त्याने आणखी एक सिद्धता जोडली, आणि तिच्यात हिशेबाची चूक आहे. तेहतिसाव्याच्या आधीचे जवळजवळ सगळे बरोबर आहे. एक नवी भूमिती त्याच्या हाताखाली तयार झाली होती आणि त्याने ती स्वतःच्या हाताने निकालात काढली.

१७६३ मध्ये गॉटिंगेनच्या क्ल्यूगेलने आपल्या प्रबंधात तोवरचे जवळपास तीस प्रयत्न तपासले आणि एकही टिकत नाही असे दाखवले. लाम्बर्टने १७६६ मध्ये लिहिले की लघुकोनाची भूमिती एखाद्या काल्पनिक त्रिज्येच्या गोलावर चालत असावी. ही सूचना विलक्षण होती, पण त्याने लेखन छापले नाही; ते १७८६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाले. फ्रान्समध्ये लजांद्र आपल्या लोकप्रिय पाठ्यपुस्तकाच्या आवृत्ती-आवृत्तीत नवी सिद्धता घालत राहिला. त्यांचे तपशील इथे नकोत. खाच दर वेळी तीच होती.

गॉटिंगेनला कार्ल फ्रीडरिख गाउस शिकत असताना त्याचा एक हंगेरियन मित्र होता, फार्कश बोयोई. दोघे समांतर रेषांवर बोलत. घरी परतल्यावर १८०४ मध्ये फार्कशने आपली सिद्धता गाउसला पाठवली आणि गाउसने तिच्यातली फट दाखवली. फार्कश मारोशव्हाशारहेयच्या महाविद्यालयात शिक्षक म्हणून राहिला. त्याचा मुलगा यानोश १८०२ चा. व्हिएन्नाच्या लष्करी अभियांत्रिकी अकादमीत शिकायला गेला आणि १८२० मध्ये त्याने वडिलांना कळवले की आपणही समांतर रेषांच्या मागे लागलो आहोत. बापाचे उत्तर वाचताना आजही अंगावर काटा येतो. ही अथांग रात्र मी आरपार चालून आलो आहे, माझ्या आयुष्यातला सगळा उजेड आणि आनंद तिने गिळला, तू तिच्यापासून दूर राहा, अशा आशयाची विनवणी त्यात आहे. व्यसनी माणूस मुलाला व्यसनापासून जपतो, तसा सूर.

मुलगा ऐकेल तर तो मुलगा कसला. पण त्याने बापाची वाट सोडली. विसंगती शोधायची ती न सापडण्याची भीती बाळगून, हे त्याने थांबवले. पाचवे गृहीतक खोटे धरून काय उभे राहते ते उभे करून पाहायचे, असे ठरवले. ३ नोव्हेंबर १८२३ रोजी तेमेश्वारच्या छावणीतून त्याने घरी लिहिले की आपण शून्यातून एक वेगळेच जग निर्माण केले आहे. तेव्हा तो एकवीस वर्षांचाही नव्हता. १८३२ मध्ये वडिलांच्या पाठ्यपुस्तकाला जोडलेली पुरवणी म्हणून ते काम छापून निघाले. पाने तिशीच्या आतच. फार्कशने ती पुरवणी गाउसला पाठवली.

गाउसचे उत्तर ६ मार्च १८३२ चे आहे. मी या कामाची स्तुती करू शकत नाही, कारण ती स्वतःचीच स्तुती होईल. यातला सगळा आशय माझ्या मनात गेली तीस-पस्तीस वर्षे घोळणाऱ्या विचारांशी जुळतो, असा त्याचा भावार्थ. गाउस खोटे बोलत नव्हता. त्याच्या पत्रांतून आणि टिपणांतून दिसते की तो तिथपर्यंत पोचला होता आणि अडाण्यांच्या आरड्याओरड्याला भिऊन गप्प बसला होता. तीनच आठवड्यांपूर्वी गेर्लिंग या मित्राला लिहिताना त्याने या तरुण बोयोईला पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत म्हटले होते. ते वाक्य बापलेकांच्या पत्रात का घातले नाही, याचा खुलासा गाउसच्या थोरवीने होत नाही. यानोशने त्यानंतर गणितातले काहीही छापले नाही. दुसऱ्या वर्षी लष्करातून निवृत्त झाला आणि १८६० मध्ये वारला. मागे हस्तलिखितांची हजारो पाने राहिली.

तिकडे व्होल्गाकाठच्या कझानमध्ये निकोलाय लोबाचेव्हस्की याने हीच भूमिती बोयोईच्या आधी छापून टाकली होती. १८२६ मध्ये त्याने ती विद्यापीठात वाचली आणि १८२९-३० मध्ये कझानच्याच एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. ते रशियनमध्ये, आडगावच्या अंकात. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने ते धुडकावले, १८३४ मध्ये एका मासिकात निनावी टवाळी आली. लोबाचेव्हस्की कझान विद्यापीठाचा कुलगुरू होता, त्याने मनावर घेतले नाही. १८४० मध्ये त्याने जर्मनमध्ये पुस्तिका काढली, आणि गाउसने ती वाचून त्याला गॉटिंगेनच्या विद्वत्सभेचा सदस्य करून घेतले. यानोश बोयोईच्या हाती ती पुस्तिका १८४८ मध्ये पडली. हा लोबाचेव्हस्की म्हणजे टोपणनाव घेतलेला गाउसच तर नाही, असा संशय त्याला काही काळ आला होता.

लोबाचेव्हस्कीची मांडणी छेदिकेच्या भाषेतच समजून घेता येते. एक रेषा घ्या आणि तिच्या बाहेर एक बिंदू. बिंदूतून रेषेवर लंब टाका. हाच लंब आपली छेदिका. आता त्या बिंदूतून दुसरी रेषा काढायची, लंबाशी काटकोनात. ती पहिलीला मिळत नाही, हे सत्ताविसावे प्रमेय सांगते. आता ती किंचित कलवा, म्हणजे आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून केसभर कमी होईल. युक्लिड म्हणतो, संपले, रेषा मिळणारच, कितीही दूर का असेना. लोबाचेव्हस्की म्हणतो, थोडे कलवले तरी नाही मिळणार. एका ठरावीक कोनापर्यंत नाही मिळणार. तो कोन किती, हे बिंदू रेषेपासून किती दूर आहे त्यावर ठरते. अंतर लहान असेल तर तो काटकोनाच्या इतका जवळ असतो की फरक मोजता येत नाही. आपल्या जगात कोणती भूमिती चालते हे पाहायला लोबाचेव्हस्कीने ताऱ्यांच्या मोजमापांचा आधार घेतला, पण त्या काळच्या उपकरणांच्या चुकांपुढे अपेक्षित फरक फारच लहान होता.

नवी भूमिती कुठेतरी पुढे जाऊन विसंगत ठरेल, ही भीती अजून शिल्लक होती. ती १८६८ मध्ये इटलीच्या युजेनिओ बेल्ट्रामीने घालवली. युक्लिडच्याच भूमितीत एक वक्र पृष्ठ घेऊन त्याने दाखवले की त्याच्यावरच्या सर्वांत आखूड वाटांना सरळ रेषा म्हटले तर लोबाचेव्हस्कीचे नियम तिथे लागू पडतात. या कामातून आणि त्यापुढच्या कामातून निघालेला निष्कर्ष असा की नवी भूमिती विसंगत असेल तर जुनीही विसंगत असेल. म्हणजे पाचवे गृहीतक उरलेल्या चारांतून कुणालाही, कधीही सिद्ध करता येणार नव्हते. दोन्ही भूमितींत विरुद्ध कोन एकरूपच राहतात. व्युत्क्रम कोन सारखे असतील तर रेषा मिळत नाहीत, हेही दोन्हींत खरे. न मिळणाऱ्या रेषांचे व्युत्क्रम कोन सारखे असतात, हे मात्र एकीतच. एकोणतिसाव्या प्रमेयाशी युक्लिड थबकला होता, ती नेमकी हीच जागा.

१८८९ मध्ये याच बेल्ट्रामीने दीडशे वर्षे विस्मरणात पडलेले सॅकेरीचे पुस्तक पुन्हा लोकांपुढे आणले आणि त्याला लोबाचेव्हस्कीचा इटालियन पूर्वसूरी म्हटले. दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, डेव्हिड हिल्बर्टने भूमितीचा पाया नव्याने रचला तेव्हा युक्लिडमधले खरे डाग नीट यादीला लागले. पहिल्याच प्रमेयात दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात असे युक्लिडने न सांगता धरून टाकले आहे. चौथ्यात तो एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवतो, आणि असे करायला परवानगी देणारे एकही गृहीतक त्याच्यापाशी नाही. या जागांवरून कितीतरी पिढ्यांतले विद्यार्थी बिनधोक चालत गेले असतील. समांतर रेषांचे गृहीतक हिल्बर्टने वेगळा गट करून, थोड्या सोप्या शब्दांत, पण गृहीतक म्हणूनच ठेवले.